आपल्या हातचे शुभेच्छापत्र

दिवाळी जवळ आली की अनेक मुले शुभेच्छापत्रे करावयास बसतात. त्यासाठी लागणारे रंगीत कागद, टिकल्या, फिती, इतकेच नव्हे तर कापून तयार असलेली फुले व पणत्यासुद्धा आता इंटरनेटवरून घरबसल्या मागविता येतात. जेथे अशा सामानाचे दुकान नाही, त्या खेड्यातील मुलांची यामुळे मोठीच सोय झाली आहे. परंतु सर्वच तयार आणून नुसते चिकटवावयाचे, तर त्या पत्राला 'आपल्या हातचे' कसे म्हणावे?

जाड कागदातील तंतूंना एक दिशा असते. त्या दिशेने घातलेली घडी सुबक बसते. आडवी घातली, तर कागदाला चिरा पडतात. हे पडद्यावरील चित्रावरून कळत नाही. ते बोटांनीच शिकावे लागते.

एका विद्यार्थ्याने संक्रांतीला दिलेले पत्र मी अद्याप जपून ठेवले आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्याने पतंग रेखाटला होता. पतंग वाकडा होता. पण खालच्या दोन ओळी त्याच्या स्वतःच्या होत्या. विकतची कितीतरी पत्रे रद्दीत गेली. हे मात्र टाकवले नाही.

म्हणून मुलांनो, कागद खुशाल मागवा. चित्र आणि शब्द मात्र स्वतःचेच असू द्या.