चढत्या भावाचे कर्ज, पडत्या भावाची जप्ती



जमिनीला सोन्याचा भाव आला, आता शेतकऱ्याला काय कमी, असे पुण्या-मुंबईचे शहाणे विचारतात. आमचा त्यांना उलट सवाल आहे. जमिनीचा भाव चढला, पण त्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाचा आणि ज्वारीचा भाव कुठे आहे? पीक तोट्यात आणि जमीन तेजीत, हे कोडे ज्याला सुटले त्याला कर्जाचा फास कसा वळतात ते कळले.

हिशेब मांडू. कोरडवाहू एकराची किंमत दहा लाख धरा. पाऊस बरा झाला तर पाच क्विंटल कापूस. सात हजारांनी पस्तीस हजार झाले. बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी वजा जाता दहा हजार उरले तर नशीब. म्हणजे दहा लाखांवर वर्षाला शेकडा एक! आणि कर्जाचे व्याज शेकडा दहा-बारा. कर्ज काढून घेतलेली अशी जमीन आपले कर्ज स्वतः फेडूच शकत नाही. आणखी चढ्या भावाने घेणारे दुसरे गिऱ्हाईक आले तरच ते फिटते. ज्या दिवशी ते गिऱ्हाईक येत नाही, त्या दिवशी फुगा फुटतो. सातबाऱ्यावर बोजा तेवढा उरतो.

हे पहिल्यांदा घडत नाही. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला. मुंबईत बॅकबे रिक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. त्याच काळात बोरघाटात रेल्वेचे काम चालू होते. मजुरी आणि गाडीभाडे वाढले. कापूस न पिकवणाऱ्या दख्खनच्या गावांतही पैसा खेळला आणि सावकाराची थैली मोकळी झाली. 1865 मध्ये युद्ध संपले, मुंबईचा बाजार कोसळला, कापूस उतरला. पण सरकारने काय केले? 1867 पासून इंदापूर आणि शेजारच्या तालुक्यांत नवी आकारणी करून सारा निम्म्याने, कुठे कुठे दुपटीने वाढवला. तेजीच्या भावाने सारा आणि मंदीच्या भावाने माल!

सावकाराने थैली आवळली. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षेच चाले. म्हणून दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेतला जाई. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचे प्रकरण सरकारी चौकशीतच निघाले. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे रोखे जाळले. शेतकरी लग्नात उधळतो म्हणून बुडतो, असे तेव्हाही साहेब म्हणत. पण सरकारच्याच चौकशी आयोगाने लिहिले की लग्नखर्चाच्या कारणाला नको तितके महत्त्व दिले गेले आहे. 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी दख्खनचा कायदा झाला, तोही रोखे जळाल्यावर.

ज्या जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, त्यांनीच 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सावकार, कचेरी आणि सरकार यांची साखळी उघडी केली. त्या वाड्याच्या जागी स्मारक उभारायचे म्हणून 2023 मध्ये जुनी वास्तू पाडली. स्मारक जरूर व्हावे. पण असूड बासनात बांधून हार घालणाऱ्यांना आम्ही फुल्यांचे वारस मानत नाही.

आजचा रोखा कोणता? बँकेत मार्चअखेरीस होणारे ‘नवे-जुने’. जुने कर्ज व्याजासकट भरल्याचे दाखवायचे आणि त्याच दिवशी वाढीव रकमेचे नवे उचलायचे. घरात दमडी येत नाही, आकडा मात्र फुगतो. वसुली शंभर टक्के झाली म्हणून साहेब खूश! 2004 मध्ये केंद्राने तीन वर्षांत शेतीकर्ज दुप्पट करायचे ठरवले. 2023-24 च्या अर्थसंकल्पात उद्दिष्ट वीस लाख कोटींवर गेले. आम्ही मागतो भाव, सरकार देते कर्ज.

आणि भाव आला की काय होते? 2022 मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला. त्या भरवशावर कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी बोअर मारले, कुणी शेजाऱ्याचा तुकडा घेतला. दोन हंगामांत भाव सात हजारांपाशी आला. 2025 च्या ऑगस्टमध्ये, ऐन बोंडे धरायच्या वेळी, केंद्राने कापसावरचा 11 टक्के आयात कर काढून टाकला आणि सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. हप्ता मात्र एका रुपयाने उतरला नाही.

भली मोठी अनुदाने घेणारा अमेरिकेचा शेतकरीही यातून सुटला नाही. आयोवा राज्यात 1981 मध्ये एकराची सरासरी किंमत 2,147 डॉलर होती. 1986 मध्ये ती 787 वर आली. जमीन तीच, माती तीच. व्याज चढले, धान्य उतरले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची घरे लिलावात निघाली. त्यांच्यापाशी शेकडो एकर होते. आमच्यापाशी पाच.

म्हणून या बैठकीत आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कर्जाची मर्यादा जमिनीच्या बाजारभावावर नव्हे, पाच वर्षांच्या सरासरी पिकावर ठरवा. नवे-जुने करताना मुद्दल किती, व्याज किती, याचा लेखी उतारा द्या. पीक बाजारात येताना आयात खुली करून भाव पाडणे बंद करा. आणि गावोगाव आपणच ठरवू या, एका तेजीच्या हंगामावर वडिलोपार्जित जमीन गहाण टाकायची नाही. कर्ज घेण्याआधी रुपयांत नाही, क्विंटलात मोजायचे: हे फेडायला किती कापूस लागेल, आणि भाव निम्मा झाला तर किती?

कर्जमाफीच्या याद्या 1990 मध्ये लागल्या, 2008 मध्ये लागल्या, 2017 आणि 2019 मध्ये लागल्या. घामाचे दाम मिळाले असते, तर एकही यादी लावावी लागली नसती.