खाटेचा विमा, गोळीचा भुर्दंड

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या बजाजनगरात पगारवाढ झाली की काही घरांतले हक्काचे औषध बंद होते. विधान विचित्र वाटेल, पण ते नियमातूनच निघते. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे वाळूजच्या बोलीत ‘ईएसआय’मध्ये, महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यालाच राहता येते. वेतनकरार होतो, कंपनीच्या फाटकावर गुलाल उधळला जातो, वेतन २१ हजारांची रेघ ओलांडते आणि चालू सहामाही संपली की वर्गणीची कपात थांबते. पुढे काही महिने सोयी चालू राहतात, मग त्याही संपतात. तोवर पाऊण टक्का वर्गणी कामगार भरत होता, सव्वातीन टक्के मालक. त्या बदल्यात कामगाराला, त्याच्या बायकोमुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना तपासणी मिळत होती, चिठ्ठीवरच्या गोळ्या मिळत होत्या, वेळ आली तर शस्त्रक्रियाही होत होती. आता त्याच्या हाती कंपनीचा मेडिक्लेम येतो. आईच्या बीपीची रोजची गोळी त्यात बसत नाही. आई पक्षाघाताने रुग्णालयात दाखल झाली तर मात्र बसते, तेही पॉलिसीत आईचे नाव असेल तर.

ही २१ हजारांची रेघ १ जानेवारी २०१७ रोजी आखली गेली. त्याआधी ती १५ हजार होती. २०१७ नंतर वाळूजमधले खोलीभाडे वाढले, शाळेची फी वाढली, तेलाचा डबा महागला. ही रेघ मात्र जागची हलली नाही. ईएसआयचा कारभार आदर्श आहे असे कोणी म्हणणार नाही. लिहून दिलेली गोळी शिल्लक नाही हे उत्तर तिथेही ऐकू येते. राज्य कामगार विमा रुग्णालय चिकलठाण्याला, शहराच्या पार पूर्वेला आणि वाळूज पश्चिमेला. एका तपासणीसाठी कामगाराचा एक खाडा ठरलेला. तरीही १९४८ च्या कायद्याने उभ्या केलेल्या या योजनेत एक शहाणपण आहे, जे नंतरच्या एकाही मोठ्या सरकारी विम्यात उतरले नाही. आजारी माणसाला आधी गोळी लागते आणि खाट नंतर, एवढेच ते शहाणपण.

महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, पुढच्या वर्षी ती राज्यभर नेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. २०२३ च्या निर्णयानंतर पिवळ्या आणि केशरीच नव्हे, पांढऱ्या रेशनकार्डाच्या कुटुंबालाही वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे कवच मिळाले. हे यश लहान नाही. ज्या घरांनी एकेकाळी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शेत विकले असते, ती आज आरोग्यमित्राच्या टेबलापाशी कार्ड दाखवतात. पण हे कवच सुरू होते ते दाखल झाल्यावर. आयुष्मानमध्ये दाखल होण्यापूर्वीचे तीन आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस मोजले जातात. सोळाव्या दिवसापासून मेडिकलचे बिल बहुधा ज्याचे त्याने भरायचे. अँजिओप्लास्टी झालेल्याला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने, काही तर जन्मभर घ्याव्या लागतात, हे पॅकेज ठरवणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

यातला हिशेब सरकारच्याही तोट्याचा आहे. मधुमेह आणि रक्तदाब वर्षानुवर्षे ताब्यात राहिला नाही की मूत्रपिंड जाते. त्यानंतर आठवड्याला दोन-तीनदा करावे लागणारे डायलिसिस फुले योजनेतूनच होते आणि त्याचे पैसे सरकार बिनतक्रार मोजते. जी गोळी वेळेवर मिळाली असती तर ते डायलिसिस टळण्याची आशा होती, तिच्यासाठी मात्र योजनेत रकाना नाही. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. उतार मोठा आहे, पण उरलेला हिस्साही थोडा नाही आणि त्यात औषधांचा वाटा मोठा आहे.

बजाजनगरला हे अधिक झोंबण्याचे कारण त्याच्या वयात आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचे उद्घाटन झाले आणि त्याच्याभोवती वडगाव कोल्हाटीच्या शिवारात ही वसाहत वाढली. तेव्हा जालना, बीड, परभणी, बुलढाण्याहून विशीत आलेले तरुण आज साठीत आहेत. कर्मचारी पेन्शन योजनेची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. नवराबायको दोघांना शुगर आणि बीपी असेल तर ती रक्कम कुठे जाते हे वेगळे सांगायला नको. ईएसआयमध्ये असतानाच निवृत्त झालेल्याला वर्षाला अवघे १२० रुपये भरून जोडीदारासह वैद्यकीय सोय मिळते. पण ज्याचा पगार निवृत्तीआधी रेघेपलीकडे गेला, तो या सवलतीलाही मुकला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसआय महामंडळाने अशांसाठी दार थोडे किलकिले केले, तेही वेतन ३० हजारांच्या आत असलेल्यांसाठी आणि १ एप्रिल २०१७ नंतर निवृत्त झालेल्यांसाठी. त्याआधी घरी बसलेल्या पिढीने काय करायचे? आणि आजच्या कंत्राटी पोरांचे काय, ज्यांची नोकरी ठेकेदारागणिक तुटते आणि तिच्याबरोबर वर्गणीही?

गोळी महाग का, याचे उत्तर केवळ नफेखोरीच्या नावाने बोटे मोडून मिळणार नाही. किंमत ठरवण्याची पद्धतच तशी आहे. १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात ३४७ मूळ औषधे होती, १९८७ मध्ये ती १४२ झाली, १९९५ मध्ये ७४. तोपर्यंत किंमत निदान उत्पादनखर्चावर ठरत होती. १५ मे २०१३ च्या आदेशाने तो पायाच बदलला. आता अत्यावश्यक यादीतल्या औषधाच्या ज्या ब्रँडांचा बाजारहिस्सा एक टक्का किंवा अधिक आहे, त्यांच्या किमतींची सरासरी काढायची, त्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवायचे आणि तिला कमाल किंमत म्हणायचे. म्हणजे महाग विकणाऱ्यानेच सरासरी वर ओढायची आणि सरकारने तिच्यावर शिक्का मारायचा. गोळी बनवायला किती खर्च आला, हा प्रश्न या हिशेबात कुठेच येत नाही. वर दरसाल घाऊक महागाईच्या प्रमाणात वाढ. एप्रिल २०२३ मध्ये ती १२.१२ टक्के होती. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला दहा टक्के वाढीची मुभा आहे, म्हणजे त्या वर्षी ‘नियंत्रित’ औषधांना अनियंत्रितांपेक्षा जास्त वाढ घेण्याची परवानगी मिळाली!

त्यात यादी तोकडी. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत; पण बाजारातल्या एकूण विक्रीच्या मूल्याचा पाचवा हिस्साही या कमाल किमतीच्या कक्षेत येत नाही. मेटफॉर्मिन यादीत आहे, ग्लिमेपिराइडही आहे. दोन्ही एकाच गोळीत घातली की यादीतली कमाल किंमत लागू होत नाही, आणि शुगरच्या चिठ्ठीवर बहुधा हीच जोडगोळी असते. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्याचे स्वागत. पण मुळातली किंमत फुगलेली असेल तर सात टक्क्यांची सूट ती किती उतरवणार?

आणि हे सारे कुठे घडते? वोक्हार्टने २००३ मध्ये ‘वोसुलिन’ हे भारतीय बनावटीचे मानवी इन्सुलिन बाजारात आणले, ते याच शहरातल्या बायोटेक पार्कच्या बळावर. चिकलठाण्यात ल्युपिन आहे, अजंता फार्मा याच मातीतून मोठी झाली. इथल्या कारखान्यांतून निघालेली औषधे परदेशी जातात आणि ती खोक्यांत भरणारा कंत्राटी कामगार महिनाअखेरीस मेडिकलवाल्याकडे अर्धेच पाकीट मागतो. काखेत कळसा आहे, पण तो उघडण्याची किल्ली दिल्लीत आहे.

दिल्लीने ती फिरवली तेव्हा काय होते, हे आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातल्या औषधयुक्त स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली गेली. तोवर तो लाखाच्या पुढे विकला जात होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवरचा विक्रीतला नफा ३० टक्क्यांवर रोखला आणि शेकडो ब्रँडांच्या किमती कोसळल्या. त्याआधी, ९ मार्च २०१२ रोजी, मुंबईत बसणारे तेव्हाचे पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी बायरच्या ‘नेक्साव्हार’ या कर्करोगाच्या औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. महिन्याला २ लाख ८० हजारांचे औषध ८,८०० रुपयांत देण्याची अट घातली. एकही कंपनी त्यामुळे देशोधडीला लागली नाही. तरीही तसा दुसरा परवाना देशाने आजवर दिलेला नाही.

बाजाराचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेलाही हे अखेर पटले. तिथल्या वृद्धांच्या सरकारी विम्याला, मेडिकेअरला, २००३ च्या कायद्याने औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करण्यास चक्क मनाई होती. विमा सरकारचा, पैसा करदात्यांचा आणि भाव कंपनीचा! ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने ती मनाई उठली. २०२३ पासून मेडिकेअरमधल्या रुग्णाला महिन्याचे इन्सुलिन ३५ डॉलरच्या वर पडत नाही आणि वाटाघाटीने ठरलेले पहिल्या दहा औषधांचे भाव १ जानेवारी २०२६ पासूनचे आहेत. जो विमा औषधाचा भाव ठरवण्यात भाग घेत नाही तो सरकारी तिजोरीतून कंपन्यांची बिले भागवतो, एवढे समजायला त्या देशाला जवळपास वीस वर्षे लागली. आपल्याकडे तर विमा बाहेरच्या गोळीला हातच लावत नाही, त्यामुळे घासाघीस करण्याचा प्रश्नच तो स्वतःला विचारत नाही.

यावर तयार उत्तर असते ते जनऔषधी केंद्रांचे. ती स्वस्त आहेत, पन्नास ते ऐंशी टक्क्यांनी स्वस्त, आणि वाढायलाच हवीत. पण चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल तर रुग्ण तिथे जाऊन काय मागणार? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहिणे सक्तीचे केले आणि तीन आठवड्यांत तो नियम स्थगित केला. डॉक्टरांचा आक्षेप होता दर्जाचा. तो पूर्णपणे लबाडीचा होता असे म्हणण्याची सोय महाराष्ट्राला तरी नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात २०२४ मध्ये बनावट अॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या सापडल्या. तपासणीची यंत्रणा इतकी अशक्त ठेवायची आणि मग लोकांनी स्वस्त गोळीवर विश्वास ठेवावा म्हणायचे, हे जमणारे नाही.

सरकारी खरेदीचीही तीच गत. २०१७ मध्ये ती हाफकिन महामंडळाकडे सोपवली, ती रखडली, म्हणून २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी सप्टेंबर सरता नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यातली बारा नवजात बाळे होती. पाठोपाठ आपल्या घाटी रुग्णालयातल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. औषधटंचाई कारण होती की नव्हती यावर वाद झाला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच्या दीड महिना आधी, १५ ऑगस्टपासून, राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले होते. घाटी मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाची, म्हणून ती त्यातून बाहेर. मराठवाड्यातला सर्वांत गरीब रुग्ण जिथे येतो, तिथेच ‘मोफत’ हा शब्द खात्याच्या हद्दीवर अडला.

तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले आणि त्याला खरोखर स्वतंत्र राहू दिले. ऑगस्ट २०२१ पासून तिथे ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ योजनेत शुगर-बीपीच्या गोळ्या आरोग्यसेविका घरपोच नेऊन देतात. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत औषध मोफत केले. ते राज्य महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत नाही.

तेव्हा पाच लाखांचे सात लाख करण्याच्या घोषणा पुरे. फुले योजनेत दीर्घ आजारांच्या बाह्यरुग्ण औषधांचा समावेश करावा, पण दुकानातले छापील भाव परत करण्याच्या पद्धतीने नव्हे, कारण तसे केल्यास बिले फुगतील आणि पैसा पुन्हा त्याच खिशात जाईल. प्राधिकरणाने एकत्र खरेदी करावी, प्रत्येक खेप प्रयोगशाळेत तपासावी, गोळ्या दवाखान्यातून द्याव्यात. घाटीसह सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालये मोफत उपचारांच्या निर्णयात आणावीत. आणि केंद्राने ईएसआयची वेतनमर्यादा वाढवून महागाईशी जोडावी. महामंडळाकडे कामगारांच्याच वर्गणीची भलीमोठी गंगाजळी आहे, त्यामुळे पैसा नाही हे कारण चालणार नाही. उद्योजकांच्या संघटना सव्वातीन टक्क्यांचा भार वाढतो म्हणून कुरकुर करतील. गट मेडिक्लेमच्या हप्त्यांचा आकडा त्यांनी शेजारी मांडून बघावा. कामगार संघटनांनीही पुढच्या करारात वाढीव रकमेखेरीज एक ओळ लिहून घ्यावी: रेघ ओलांडणाऱ्या कामगाराच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या नेहमीच्या औषधांचा खर्च कंपनी उचलेल. ही ओळ घालायला दिल्लीची परवानगी लागत नाही.