लॅपटॉपचा कस

जबलपूरच्या कमानिया गेटाजवळील सराफ्यात एखादे मराठी कुटुंब दागिना घ्यावयास गेले, की दागिना लग्नकार्यात घालावयाचा आहे की रोज वापरावयाचा आहे, हा प्रश्न आधी निघतो. उत्तरावरून २२ कॅरेट घ्यावे की १८, नाजूक काम चालेल की भरीव हवे, हे ठरते. मग कस, वजन आणि घडणावळ यांचा हिशेब वेगवेगळा मांडला जातो. पुढे कधी मोडावयाची वेळ आलीच, तर मोडीचा भाव कसा धरतील, हेही घरातील जाणती बाई विचारून घेते.

त्याच शहरात मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये लॅपटॉप घ्यावयास गेलेल्या त्याच कुटुंबाला मात्र पहिला प्रश्न येतो तो बजेटचा. काम कोणते, रोज किती तास, किती वर्षांसाठी, हे प्रश्न फारसे निघत नाहीत. वास्तविक रक्कम लहान नाही. २०२५ साली सोन्याने तोळ्यामागे एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला, आणि तेवढ्याच पैशांत उत्तम लॅपटॉप येतो. तोळाभर सोने घेताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी लॅपटॉप घेताना का करीत नाही?

अर्थशास्त्रात याचे एक उत्तर आहे. विकणाऱ्याला मालाची खरी माहिती असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे बाजार बिघडतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखविले. त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विषयासाठी. सोन्याच्या बाबतीत शासनाने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. भारतीय मानक ब्युरोची हॉलमार्क योजना २००० साली आली, १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाविना हॉलमार्कचा दागिना विकता येईनासा झाला.

लॅपटॉपवरही याच ब्युरोची खूण असते. २०१२ च्या आदेशाने ती सक्तीची झाली. पण ती खूण विद्युत सुरक्षिततेची आहे. यंत्र घेणाऱ्याला धक्का देणार नाही, एवढीच हमी ती देते. यंत्र किती वर्षे चालेल, त्याची रॅम पुढे वाढविता येईल की ती मदरबोर्डावरच कायमची जोडलेली आहे, बॅटरी बदलून मिळेल काय, याविषयी ती काहीही सांगत नाही. संस्था एकच, पण दागिन्याचा कस ती सांगते आणि लॅपटॉपचा सांगत नाही.

आता शासनाच्या स्वतःच्या खरेदीकडे वळू. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने २१ जुलै २०२३ रोजी अधिकाऱ्यांच्या लॅपटॉपसारख्या उपकरणांबाबत आदेश काढला. करांखेरीज एक लाख रुपयांची मर्यादा ठेवली. ज्या यंत्रात ४० टक्क्यांहून अधिक देशी घटक आहेत, त्यासाठी ती १ लाख ३० हजार केली. उपसचिव व त्यावरील अधिकारी पात्र ठरले. अवर सचिव आणि कक्ष अधिकारी यांच्यासाठी मंजूर पदांच्या निम्म्या संख्येपर्यंत मुभा दिली. चार वर्षांनी ते यंत्र अधिकाऱ्याला स्वतःकडे ठेवण्याची सोयही केली.

या शेवटच्या तरतुदीमागे चांगला विचार आहे. चार वर्षांनी यंत्र आपलेच होणार, हे ठाऊक असलेला माणूस ते जपून वापरतो. शासनाचेही फारसे नुकसान होत नाही. आयकराच्या हिशेबात संगणकाला दर वर्षी ४० टक्के घसारा धरला, तर लाखाच्या यंत्राची किंमत चार वर्षांअखेर १२,९६० रुपये उरते. लिलावाचा खटाटोप त्याहून महाग पडावा.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. आदेशात किंमत आहे, हुद्दा आहे, मुदत आहे. काम मात्र नाही. किमतीची कमाल मर्यादा जाहीर झाली, की व्यवहारात तीच किमान होऊन बसते. ज्याला टिपणी वाचून शेरा लिहावयाचा आहे, त्याच्यासाठीही मर्यादेला टेकणारे यंत्र मागविले जाते. दिवसभर तक्ते भरणाऱ्या आणि शेकडो पानांच्या फाइली चढविणाऱ्या कनिष्ठाच्या टेबलावर मात्र जुनाच संगणक कुरकुरत राहतो. यंत्राची निकड हुद्द्याबरोबर वाढत नाही, अनेकदा ती उलट्या दिशेने वाढते.

दुसरा प्रश्न घर आणि कार्यालय यांच्या सरमिसळीचा. चार वर्षांनी यंत्र देताना त्यातील माहिती पूर्णपणे पुसावी, असे आदेशात आहे. परंतु त्याआधीच्या चार वर्षांत तेच यंत्र घरी येते, त्यावर मुलांचा अभ्यास होतो, नातेवाइकांचे फोटो उतरविले जातात. त्यात नागरिकांचे अर्ज, त्यांचे पत्ते, त्यांच्या तक्रारी असतात. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर तरी ही बाब शिष्टाचाराची समजू नये.

तिसरी गोष्ट आयुष्याची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले, आणि धडधाकट असलेले असंख्य लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत न बसल्यामुळे एका दिवसात म्हातारे ठरले. त्यांपैकी पुष्कळ यंत्रे लिनक्सवर आणखी काही वर्षे सुखाने चालू शकतात. आपल्याच सी-डॅकने बॉस ही लिनक्स प्रणाली तयार केली आहे, आणि मुक्त प्रणालींचा अंगीकार करण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्येच जाहीर केले आहे. यंत्र मोडीत काढण्यापूर्वी हा पर्याय तपासला होता काय, हे फाइलीवर यावयास हवे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक मागणीपत्रावर कामाचे स्वरूप चार ओळींत लिहिलेले असावे आणि मंजुरी हुद्द्याऐवजी त्यावर द्यावी. दोन, किंमत तुलना करताना चार वर्षांची वॉरंटी आणि दुरुस्ती धरून एकूण खर्च पाहावा. तीन, मानक ब्युरोने लॅपटॉपवर रॅम वाढविण्याची सोय, बॅटरी बदलण्याची सोय आणि प्रणालीला किती वर्षे साहाय्य मिळेल, हे छापणे सक्तीचे करावे.

घरासाठी घेणाऱ्यांनीही हेच करावे. आधी कागदावर काम लिहावे. पत्रव्यवहार, बँक, मुलांचा अभ्यास एवढेच असेल, तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले मध्यम किमतीचे यंत्र पुरते. मोठे तक्ते किंवा चित्रफितींचे काम असेल, तर १६ जीबी घ्यावी. दुरुस्ती आपल्या गावात होते की यंत्र नागपूर-भोपाळला पाठवावे लागते, हे विचारावे. कार्यालयाचे काम आणि घरचा वापर यांसाठी निदान दोन वेगळी खाती उघडावीत.

महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी आणखी एक. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये फुकट असतो, फक्त सुरू करावा लागतो. एकदा शिकला, की हिंदी, गुजराती, तेलुगू यांनाही तोच क्रम चालतो, आणि शिफ्ट दाबून एन ची कळ दाबली की आपला ळ उमटतो. शाळेत मराठी नसलेल्या नातवंडांना तो शिकविण्यास एक आठवडा पुरे.

खर्च शासनाचा असो वा घरचा, किती पैसे आहेत हा प्रश्न दुसरा असावा. काय काम आहे, हा पहिला.