थांबण्याचें मोल

दिवसांत किती कामें उरकलीं यावरूनच माणसाची कर्तबगारी मोजण्याची चाल आम्हांस घातक वाटते. शस्त्रवैद्याचाच व्यवसाय घ्या. इ. स. २००८ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें शस्त्रक्रियेसाठीं १९ कलमांची एक याद प्रसिद्ध केली. ती सिद्ध करणाऱ्या मंडळींचे अग्रणी डॉ. अतुल गावंडे; यांचे वडील महाराष्ट्रांतून अमेरिकेंत गेलेले. भूल देण्यापूर्वीं, छेद घेण्यापूर्वीं व रोग्यास बाहेर नेण्यापूर्वीं, असें तीनदां थांबावयाचें. छेदापूर्वीं प्रत्येकानें आपलें नांव व काम सर्वांस सांगावयाचें. घाईच्या वेळीं हा खोळंबा कशाला, असें कोणासही वाटेल. परंतु नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही रीत अवलंबिल्यावर मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें.

नांव सांगण्याचें कलम आम्हांस विशेष मोलाचें वाटतें. जिनें एकदां तोंड उघडलें, त्या नवख्या परिचारिकेसही पुढें चूक दिसतांच “थांबा” म्हणण्याचा धीर येतो. खरा आत्मविश्वास तो हाच. नव्या हुद्द्यावर रुजू झालेल्या आमच्या तरुण वाचकांनीं सायंकाळीं कामें मोजतांना, जीं पुनः करावीं लागलीं तीं आधीं वजा करावींत. म्हणजे सकाळीं क्षणभर थांबून विचारण्याचा संकोच आपोआप गळून पडेल.