दुरुस्ती की मोडीत?

आमच्या सोसायटीचे गवत कापायचे हातयंत्र सध्या आजारी आहे. ढकलले की कण्हते आणि गवत कापण्याऐवजी ओरबाडते. ‘मोडीत काढा, विजेचे आणा,’ असे चिटणीसांचे मत. मी म्हटले, आधी नाडी तर पाहू!

यंत्राचे कुळ थोर आहे. स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने १८३० साली त्याचे पेटंट घेतले. कल्पना सुचली ती गिरणीत लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. म्हणजे ही मुळात कात्रीच!

तेव्हा फिरती पाती आणि खालचे स्थिर पाते यांच्यामध्ये, बोटे सांभाळून, कागद धरावा. स्वच्छ कापला गेला तर धार शाबूत. चुरगळला तर धार लावून अंतर जुळवावे. बेअरिंग झिजले तर बदलावे. मात्र बिडाचा सांगाडाच तडकला असेल, तर माया आवरावी.

आमचा सांगाडा धड आहे. शिवाय माळीबुवांचा हात याच यंत्रावर बसलेला. ते मोडीत निघाले, तर पुढच्या सभेत माळीबुवांचा विषय निघणारच. वाचकहो, दुरुस्तीच्या बाजूने मी हात वर केला, तो दोघांसाठी.