भीमथडी घोड्याची निपज आणि आमचे कर्तव्य

भीमेच्या दोन्ही थडींवरील मुलखावरून भीमथडी घोड्यास त्याचे नाव मिळाले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. मराठ्यांच्या फौजांनी याच तट्टांवर लांबलांबच्या मजला मारल्या. 2023 साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या गीतातही त्यांचा उल्लेख आहे. 2023-24 मध्ये कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु नोंदवहीत नाव चढल्याने जात टिकते, असे कोणी समजू नये. 2019 च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे मिळून सुमारे 3.4 लाख भरली. 2012 च्या मानाने ही घट शेकडा 45 हून अधिक आहे.

हे जनावर अंगाने लहान. खांद्यापाशी उंची चार-सव्वाचार फुटांच्या आसपास, बांधा आटोपशीर, पाय मजबूत आणि खुरे टणक. खडकाळ माळावर दिवसभर चालून रात्री सुक्या गवतावर भागविणे त्यास जमते. स्वभावाने ते सोशिक आहे. धनगरांचा वाडा एका गावाहून दुसऱ्या गावी निघतो, तेव्हा त्याच्या पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे, प्रसंगी लहान मूलही असते. तरी ते बुजत नाही.

मोटारींच्या दिवसांत या घोड्याचा शेतकऱ्यास काय उपयोग, असे विचारले जाते. त्यावर आमचे उत्तर सरळ आहे. आपल्या रानात मेंढ्या बसवून आपण जे खत घेतो, ते वाड्याबरोबर येते आणि वाडा या घोडीच्या पाठीवर चालतो. गायराने वेढली गेली व पाणवठे बंद झाले, तर वाडा येणार नाही. मग खताचा तोटा आपलाच होईल.

दुसरे संकट आपण आपल्या हौसेने ओढवून घेत आहो. सारंगखेडा व माळेगाव येथील बाजारांत उंच, देखण्या घोड्यांस मोठी किंमत येते. ते पाहून आपली घोडी मारवाडी वा काठियावाडी घोड्यास दाखविण्याचा मोह होतो. मारवाडी जातीशी आमचा वाद नाही. ती आपल्या जागी उत्तमच आहे. पण अशा संकराचे शिंगरू उंचीने वाढले, तरी माळरानावरचा काटकपणा त्यात उतरेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. मूळ रक्त एकदा पातळ झाले की ते पुन्हा आणता येत नाही. म्हणून घोडी निवडताना उंचीआधी पाय, खुरे आणि स्वभाव पाहावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

काटक जनावरासही रोग सोडीत नाही. एकाएकी जास्त धान्य घातल्याने पोटशूळ उठतो, खुरांत दाह होऊन जनावर लंगडते. जखमेतून धनुर्वात होतो. त्यावर लस आहे, ती टोचून घ्यावी. चावणाऱ्या माश्यांमुळे सरा पसरतो. ताप येऊन जनावर खंगत जाते. सर्वांत भयंकर ग्लँडर्स. नाकातून चिकट स्राव आणि कातडीवर गाठी व व्रण ही त्याची लक्षणे. यावर लस नाही आणि तो माणसासही होतो. असा संशय येताच जनावर वेगळे बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. 2009 च्या कायद्यान्वये हे कळविणे बंधनकारकच आहे. आजार लपवून जनावर बाजारात नेणे हा शेजाऱ्यांचा घात होय.

आमची सूचना एवढीच की, प्रत्येक तालुक्यात शेतकरी व धनगर बंधूंनी मिळून शुद्ध भीमथडी जातीचे दोन-चार पैदाशीचे घोडे निवडावे, त्यांची व त्यांच्या शिंगरांची वही ठेवावी आणि वाड्याची वाट व पाणी मोकळे राखावे. याला मोठे भांडवल लागत नाही. लागते ती केवळ एकी. सरकारने नोंद करून आपला वाटा उचलला आहे. पुढचे काम आपले.