मिसुरीचे पत्रकारिता विद्यालय : नाव मोठे, दार कुणासाठी?

पत्रकारितेत जाऊ पाहणारे आपले तरुण-तरुणी आम्हाला पहिला प्रश्न विचारतात तो 'नामांकित संस्था कोणती?' हाच. प्रश्न रास्त आहे. शिकणारी पहिलीच पिढी असेल तर ओळखीचा संपादक नसतो, वर्तमानपत्रात मामा-काका नसतो. मग प्रमाणपत्रावरचे संस्थेचे नाव हाच काय तो आधार. म्हणूनच हे नाव कसे घडते, याची चिकित्सा आपण केली पाहिजे. त्यासाठी अमेरिकेतल्या एका विद्यालयाचा इतिहास पाहू.

मिसुरी विद्यापीठाचे पत्रकारिता विद्यालय १९०८ मध्ये सुरू झाले. जगातले पहिले पत्रकारिता विद्यालय म्हणून त्याची ख्याती आहे. (ते ज्या गावात आहे त्याचे नाव कोलंबिया, बाबासाहेब शिकले ते न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ वेगळे.) वर्ग सुरू झाले त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी चालवलेले दैनिकही निघाले. प्रत्यक्ष काम करत शिकण्याची ही पद्धत पुढे 'मिसुरी पद्धत' म्हणून गाजली. संस्थापक अधिष्ठाता वॉल्टर विल्यम्स यांनी पत्रकारांसाठी आचारसंहिता लिहिली. वृत्तपत्र ही जनतेची ठेव आहे, असा तिचा गाभा.

या जनतेत कृष्णवर्णीय धरलेले नव्हते.

ल्युसिल ब्लुफोर्ड यांनी शेजारच्या कॅन्सस राज्यातून पत्रकारितेची पदवी घेतली होती आणि 'कॅन्सस सिटी कॉल' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात त्या जबाबदारीच्या पदावर होत्या. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी त्यांनी मिसुरीकडे टपालाने अर्ज केला. गुणपत्रिका पाहून प्रवेश मिळाला. जानेवारी १९३९ मध्ये त्या नाव नोंदवायला प्रत्यक्ष गेल्या आणि रंग पाहून त्यांना परत पाठवण्यात आले. गुणवत्ता तीच, कागदपत्रे तीच. आपल्याकडे आडनाव कळले की मुलाखतीचा नूर कसा पालटतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

ब्लुफोर्ड गप्प बसल्या नाहीत. पुन्हा पुन्हा अर्ज केले, कोर्टात गेल्या. त्याआधीच, डिसेंबर १९३८ मध्ये, लॉइड गेन्स यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिसुरीला बजावले होते की, गोऱ्यांना जे शिक्षण राज्यात मिळते ते कृष्णवर्णीयांनाही राज्यातच मिळाले पाहिजे. मग विद्यापीठाने काय करावे? १९४२ मध्ये पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रमच बंद केला. कारण दिले महायुद्धाचे. कृष्णवर्णीयांसाठीच्या लिंकन विद्यापीठात त्याच वर्षी वेगळी सोय काढण्यात आली. सार्वजनिक विहीर खुली करण्यापेक्षा ती बुजवून टाकावी आणि वस्तीत दुसरी खणून द्यावी, तसा हा प्रकार.

मिसुरीत कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळायला १९५० साल उजाडले. १९८४ मध्ये त्याच पत्रकारिता विद्यालयाने ब्लुफोर्ड यांना सन्मानपदक दिले आणि १९८९ मध्ये विद्यापीठाने मानद डॉक्टरेट. तोवर त्यांनी मिसुरीच्या पदवीशिवाय 'कॉल'चे संपादकपद कित्येक वर्षे सांभाळले होते. आमच्या मते या पदकाने ब्लुफोर्ड यांच्यापेक्षा विद्यालयाचेच नाव उजळले. ज्याला नाकारले त्याचाच पुढे सत्कार करून मोठेपण मिळवणे संस्थांना चांगले जमते.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०१५ मध्ये याच विद्यापीठात वर्णद्वेषाविरुद्ध विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. एका विद्यार्थ्याने उपोषण केले, फुटबॉल संघाने खेळायला नकार दिला आणि विद्यापीठ समूहाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. आंदोलनाने स्वतःला दिलेल्या नावात १९५० हा आकडा होता. त्यानंतर समावेशनासाठी उभा राहिलेला विभाग २०२४ मध्ये विसर्जित करण्यात आला. त्याच्या आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली होती. मिळवलेले टिकवावे लागते, हे आरक्षणाच्या लढ्यातून आपणही शिकलो आहोत.

आता आपल्याकडे पाहू. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी भारतीय माध्यमांचा अभ्यास केला. त्यात पाहिलेल्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचे कुणीही नव्हते. यातली किती मंडळी 'नामांकित' संस्थांतून आली असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तो अशाच बंद दारांसमोर उभे राहून. आणि तरीही त्यांनी कोलंबिया, लंडन सोडले नाही. मोठ्या संस्थांकडे पाठ फिरवा, असे आम्ही म्हणूच शकत नाही.

पण प्रवेश घेण्याआधी माहितीपुस्तिकेतल्या चकचकीत फोटोंपलीकडे काही विचारा. राखीव जागा दरवर्षी भरतात का? अर्ध्यातून कितीजण सोडून जातात? अध्यापकांत आपले किती? राखीव जागेवरून शिकलेल्यांपैकी कितीजणांना वृत्तकक्षात नोकरी लागली? शिष्यवृत्ती अडकली तर परीक्षेला बसू देतात का? संस्था शासकीय किंवा अनुदानित असेल तर हेच प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात लिहा. शुल्क दहा रुपये आहे. अर्ज लिहिताना अडचण आली तर कळवा, आम्ही लिहून देऊ. आलेली उत्तरे मात्र आपल्या गटात सगळ्यांना वाचायला द्या.